पाणीबोटीच्या बारा झडपा

भाणाभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, मॉडेलच्या कठड्यापाशी डोळा नेला आणि म्हणाले, "मिस्त्री, ही बारी बंद होती."

मी हातातला चिमटा खाली ठेवला. सकाळपासून सातवी झडप बसवत होतो. चिंचोक्याएवढी तांब्याची झडप, तिला केसासारख्या तारेची बिजागरी. फुंकर मारली तर हलायची.

"कुठली बारी?"

"सगळ्या. दोन्ही बाजूच्या. आपण बोटीवर होतो तेव्हा सगळ्या बंद."

मी भिंतीवर टाचलेल्या ड्रॉइंगकडे बोट केलं. तिथे एका बाजूला सहा झडपा स्वच्छ दिसत होत्या. भाणाभाईंनी तिकडे मान वळवली नाही. कागदात असतील, बोटीत नव्हत्या, एवढंच बोलून ते नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसले. मला राग आला. सात झडपा होत आल्या होत्या आणि तसं बारीक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

भाणाभाई जिला बारी म्हणजे खिडकी म्हणायचे, तिला आमच्या धंद्यात फ्रीइंग पोर्ट म्हणतात. बोटीच्या डेकभोवती हात-दीड हात उंचीचा लोखंडी कठडा असतो. लाट आत आली की डेकवर पाणी साचतं. ते बाहेर जावं म्हणून कठड्याच्या तळाशी चौकोनी भोकं ठेवतात आणि त्यांवर बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप लावतात. आतलं पाणी झडप ढकलून निघून जातं, बाहेरचं पाणी ती दाबून बंद करतं. साधी वस्तू. पण ती नसली तर डेकची परात होते.

आता हे बोटीचं काम नंदुरबारात कुठून आलं, ते सांगतो.

मी मूळचा कळसाडीचा, शहाद्याकडचा. घरी कपाशीची शेती. मला लाकडाचा नाद म्हणून मामांनी समुद्रकाठच्या एका बंदराच्या वर्कशॉपमध्ये चिकटवलं. बंदराचं नाव लिहीत नाही. तिथे मी पॅटर्नमेकर झालो. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रत करावी लागते, ती करणारा तो पॅटर्नमेकर. जेवणाच्या सुट्टीत मी ड्रॉइंग ऑफिसात जाऊन बसायचो. तिथले कर्णिकसाहेब मला ड्रॉइंग वाचायला आणि ट्रेसिंग करायला शिकवायचे. ट्रेसिंग म्हणजे मूळ ड्रॉइंगवर पारदर्शक कापड पसरून त्याची शाईने नक्कल उतरवणं. अक्षर कसं काढायचं, रेघ कुठे थांबवायची, सगळं त्यांनी शिकवलं. मला दुसरा गुरू नाही.

वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा नोकरी सोडून परत आलो. शेती धाकट्या भावाने सांभाळली. मी नंदुरबारात स्टेशनजवळ कापसाच्या जिनिंगच्या मागची एक शेड घेतली. जिनचे लाकडी भाग दुरुस्त करायचे, पाण्याच्या पंपाचे पॅटर्न करायचे, असं काम. पोट भरत होतं. हात मात्र बोथट होत चालला होता.

पुढे साठ सालानंतर दोनेक वर्षांनी बंदराने एक नवा हॉल बांधायला घेतला. जुन्या कामकरी बोटी एकेक करून भंगारात निघाल्या होत्या. मोठी जहाजं सगळ्यांना आठवतात, पण बंदर चालवतात ते लहान बोटींनी. जहाज ओढणारी टगबोट, गाळ उपसणारा ड्रेजर, जहाजांना गोडं पाणी पोचवणारी पाणीबोट. यांची मॉडेलं त्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवायची असं ठरलं. कर्णिक तेव्हा हेड ड्राफ्ट्समन झाले होते. त्यांनी माझं नाव सुचवलं. पहिली टगबोट मी केली, ती पसंत पडली. दुसरी ही, पाणीबोट नंबर तीन. ही चांगली झाली तर आणखी तीन करायच्या, असं पत्र आलं होतं. मला त्या पत्राने झोप लागत नव्हती इतका आनंद झाला होता.

माप फुटाला पाव इंच. म्हणजे नव्वद फुटांची बोट साडेबावीस इंचांत. ड्रॉइंगमध्ये बोटीचे आडवे छेद दिलेले असतात. दुधी भोपळ्याच्या चकत्या कराव्यात आणि प्रत्येक चकतीचा आकार कागदावर काढावा, तसे. त्या छेदांवरून पत्र्याचे साचे कापायचे. शिवण लाकडाच्या पातळ फळ्या एकावर एक सरसाने चिकटवायच्या आणि साचा लावत लावत बाहेरून तासायचं. बारीक कामाला हळदूचं लाकूड, ते नवापूरच्या डेपोतून मी स्वतः निवडून आणायचो. नंदुरबारच्या उन्हात वाळलेलं लाकूड समुद्राच्या दमट हवेत फुगतं, म्हणून आतून लाखेचे तीन हात द्यायचे. ही सगळी कामं मला येत होती. मला येत नव्हतं ते बोटीवर राहणं. दोर कुठे गुंडाळून ठेवतात, चिमणीचा रंग कुठे पोळतो, हे ड्रॉइंग सांगत नाही.

ते भाणाभाईंनी सांगितलं.

त्यांचा जावई नंदुरबार स्टेशनवर पॉइंट्समन होता. जिनमागे कुणी आगबोट बनवतंय हे त्याने घरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी हा उंच, वाकलेला म्हातारा दारात उभा राहिला. सुरतेच्या खालच्या अंगाला समुद्रकाठचं त्यांचं गाव. जातीने टंडेल, सगळी हयात बोटींवर. त्यांचं मराठी गुजराती वळणाचं. त्यांनी कोऱ्या लाकडी सांगाड्याकडे पाहिलं आणि ड्रॉइंग न बघता म्हणाले, "आ तो पाणीबोट छे. तीन नंबर."

ते तीन नंबरचे सारंग होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुख्य, बोट हाकणारा.

मग ते रोज येऊ लागले. दुपारचं जेवण झालं की यायचे, पाचच्या गाडीच्या आधी जायचे. त्यांच्या जाडजूड बोटांनी शिवणकामाच्या दोऱ्याच्या इतक्या बारीक गाठी मारल्या की मी थक्क झालो. पाण्याचा पाइप कसा गुंडाळायचा, पंपाच्या दांड्याला कुठे चिंधी बांधलेली असायची, सगळं सांगितलं. माझं मॉडेल त्यांच्यामुळे जिवंत होत होतं. आणि झडपांच्या दिवशी मात्र मी त्यांच्याशी दोन वाक्यं नीट बोललो नाही.

घरी बायकोला सांगितलं. म्हातारा आता काहीतरीच बोलायला लागलाय, म्हटलं. ती भाकरी थापत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "तो माणूस खोटं बोलस असं माले वाटत नही."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना विचारलं, झडपा बंद कशा होत्या? त्यांनी सांगितलं, ते तीन दुपारी पुरलं. मी थोडक्यात लिहितो.

पाणीबोट जहाजाला लागायची तेव्हा झडपा जहाजाच्या अंगावर घासायच्या. वाकायच्या, तुटायच्या. दर महिन्याला दुरुस्ती. शेवटी एका पावसाळ्याआधी वर्कशॉपच्या लोकांनी झडपा काढल्या आणि भोकांवर बोल्टने पत्रे बसवले. भाणाभाईंनी फोरमनला सांगितलं होतं की हे बरोबर नाही. फोरमन म्हणाला होता, वरून आलंय.

पावसाळा संपता संपता समुद्र अजून खवळलेला असतानाच बोटीला बाहेर नांगरलेल्या जहाजांकडे पाठवलं. एका जहाजाला अर्धं पाणी दिलं. दुसऱ्याकडे निघाले. टाक्या अर्ध्या रिकाम्या झाल्या की बोट हलकी होते आणि आतलं पाणी डुचमळतं. पाणी भरलेली परात डोक्यावरून नेणाऱ्याला हे कळेल. वळताना एक मोठी लाट आडवी आली. डेक गुडघाभर भरलं. पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. भाणाभाई स्वतः कुऱ्हाड घेऊन पत्र्यावर घाव घालत होते. तेवढ्यात दुसरी लाट आली आणि बोट कलंडली ती उठलीच नाही.

आठ माणसं होती. पाच गेली. त्यांत भाणाभाईंचा मेहुणा छगन होता, त्यांच्या बायकोचा पाठचा भाऊ. त्याला त्यांनीच कामाला लावलं होतं.

चौकशी झाली. बोट खोल पाण्यात, ती कुणी वर काढली नाही. टेबलावर मूळ ड्रॉइंग पसरलं. साहेबांनी विचारलं, बारा झडपा असताना डेकवर पाणी राहिलंच कसं? भाणाभाई म्हणाले, बंद होत्या. कुणी बंद केल्या? वर्कशॉपने. वर्कशॉपने सांगितलं, तसा कागद नाही. वाचलेले बाकीचे दोघे नवे खलाशी होते, त्यांनी घाबरून आठवत नाही म्हटलं. निकाल झाला की सारंगाने बोट बेफिकिरीने आडवी वळवली.

ही घटना मी बंदर सोडल्यानंतरची. नंदुरबारात मला तेवढंच कळलं होतं की सारंगाच्या चुकीने एक बोट बुडाली. मीही तेच खरं मानलं होतं.

नोकरी गेल्याचं ते फारसं बोलत नसत. बोलायचे गावाबद्दल. छगनची बायको मणीबेन त्यांच्या दारावरून जाताना तोंड फिरवायची. गावात कुणी त्यांच्याबरोबर होडीत बसेना. ज्याने साळ्याला मारलं तो, अशी ओळख झाली. बायको त्या दुःखात गेली. शेवटी मुलगी जमना येऊन त्यांना नंदुरबारला घेऊन आली. समुद्रापासून इतक्या लांब, रेल्वेच्या दोन खोल्यांत.

एवढं ऐकूनही मी कारागिरासारखाच विचार केला. म्हातारा खरं सांगत असेल, पण मला ड्रॉइंगप्रमाणे काम करायचं आहे. आठवी झडप बसवली. नववी बसवली.

दहावीच्या वेळी एक माप नीट लागेना, म्हणून ऑफिसने पाठवलेली गुंडाळी पुन्हा उघडली. पंधरा शीट होत्या. सर्वांत आतल्या शीटला मी हात लावला नव्हता, कारण ती डेकच्या ड्रॉइंगचीच दुसरी प्रत होती, मळकी आणि तेलाच्या बोटांनी भरलेली. वर्कशॉपमध्ये कामगारांना जी प्रत देतात ती. ती उलगडली. बारा झडपांवर लाल पेन्सिलने काट मारली होती. बाजूला इंग्रजीत लिहिलं होतं की झडपा काढाव्यात आणि भोकं पत्र्याने, बोल्ट लावून बंद करावीत. नग बारा. खाली तारीख, त्या पावसाळ्याच्या महिनाभर आधीची. सहीच्या जागी एक अक्षर.

मला सहीची गरज नव्हती. ते अक्षर कर्णिकसाहेबांचं होतं. त्याच वळणाने मी लिहायला शिकलो होतो.

दुपारी भाणाभाई आले. मी शीट त्यांच्यापुढे ठेवली आणि वाचून मराठीत सांगितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण लाल काट दिसत होती. ते बारा काटांवरून बोट फिरवत गेले. सहा इकडच्या, सहा तिकडच्या. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हणाले, "मिस्त्री, याची एक नक्कल मला काढून द्या. मी मणीला दाखवतो. दुसऱ्या कुणाला नाही."

मी जे उत्तर दिलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "भाणाभाई, कागद ऑफिसचा आहे. आधी ऑफिसला विचारतो, मग देतो."

ते लगेच हो म्हणाले. ऑफिस, परवानगी, कागद, यांपुढे मान तुकवायची त्यांना जन्माची सवय होती. मलाही होती.

मी पत्र लिहिलं. भाणाभाईंचा उल्लेख केला नाही. एवढंच विचारलं की दोन शीटमध्ये फरक आहे, मॉडेल कुठल्या शीटप्रमाणे करू? त्यामागे माझा थोडा स्वार्थही होता. झडपा बंद करायची वेळ येऊ नये असं वाटत होतं. पत्राचं उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी तार आली की काम थांबवा, येत आहे, कर्णिक.

ते सुरतेकडून सकाळच्या गाडीने आले. सात-आठ वर्षांत म्हातारे दिसायला लागले होते. शेडशेजारच्या शेतात मिरची वाळवायला पथारी घातली होती, तिच्या ठसक्याने ते दारातच खोकायला लागले. मी पाणी दिलं. ते मॉडेलभोवती हळूहळू फिरले. एक झडप नखाने हलवून पाहिली.

"मुरलीधर, हे तुझं?"

"हो साहेब."

"उत्तम केलंस." मग खुर्चीवर बसले. "ती शीट कुठे आहे?"

मी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. टेबलावर होती तशीच राहू दिली.

"ही चुकून आली. क्लार्कने कपाटातला सगळा गठ्ठा बांधून दिला. मॉडेल मूळ ड्रॉइंगप्रमाणे कर."

मी म्हटलं, "साहेब, अक्षर तुमचं आहे."

"माझंच आहे. सुपरिंटेंडेंटने तोंडी सांगितलं, मी लिहिलं. रोज अशा दहा गोष्टी लिहायचो."

"चौकशीत हा कागद का नाही आला?"

"मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "आणि मी बोललो नाही. मुली लग्नाच्या होत्या. आता दोन वर्षांत रिटायर होतोय."

मी भाणाभाईंबद्दल सांगितलं. तो सारंग याच गावात राहतो, रोज याच स्टुलावर बसतो, त्याला भेटता का, म्हणून विचारलं. कर्णिकांचा चेहरा उतरला. नको, म्हणाले. मग हलक्या आवाजात बोलले की पुढची तीन मॉडेलं तुलाच मिळतील, ते मी बघतो. धमकी नव्हती. लाच म्हणावं तर तसंही ते बोलले नाहीत. पण मला जे कळायचं ते कळलं.

जेवायची वेळ झाली होती. घर दहा मिनिटांवर. मी त्यांना जेवायला नेलं. शीट शेडमध्ये टेबलावरच राहिली. ते जेवून ओसरीवर जरा आडवे झाले, प्रवासाने दमले होते. मी त्यांना उशी दिली आणि काम बघून येतो सांगून एकटा शेडवर आलो.

आत जाऊन दार लावून घेतलं. शीट समोर होती. कपाटात ट्रेसिंगचं कापड होतं, शाई होती, निब होती. सगळं ड्रॉइंग नको होतं. बारा काटा, चार ओळी, एक तारीख, एक अक्षर. अर्ध्या तासाचं काम. कर्णिकांना उठायला तासभर होता.

मी ते केलं नाही.

का केलं नाही, याचं उत्तर मी अनेक वर्षं वेगवेगळं दिलं. गुरूच्या पाठीमागे त्याच्याच विरुद्ध कागद करायचा, हे मनाला पटलं नाही, असं एकदा म्हणायचो. कागद ऑफिसचा होता, असं एकदा म्हणायचो. दोन्हीत थोडं तथ्य आहे. पण त्या तासभरात मी काय केलं ते सांगितलं पाहिजे. मी अकरावी झडप बसवली.

कर्णिक परत आले, शीटची घडी केली, बॅगेत ठेवली. स्टेशनवर त्यांना गाडीत बसवताना त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

भाणाभाई त्या दिवशी उशिरा आले. साहेब येणार हे जावयाकडून त्यांना कळलं होतं, तार स्टेशनवरच आली होती. म्हणून दुपारभर लांब राहिले. माझ्या कामात अडचण नको, असं त्यांना वाटलं असणार. आले ते धुतलेला सदरा घालून. हातात जाड पुठ्ठ्याची नळी होती, जमनाने कुठून तरी मिळवून दिलेली. कागद चुरगळू नये म्हणून.

मी सांगितलं, साहेब शीट घेऊन गेले.

"नक्कल?"

"नाही काढली."

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मॉडेलकडे गेले, बारावी जागा रिकामी होती तिथे बघत राहिले. मग विचारलं, "साहेबांनी मनाई केली?"

इथे मी हो म्हणू शकलो असतो. पण त्यांच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही. वेळ होता. मीच नाही काढली."

त्यांनी मान हलवली. "बराबर," म्हणाले. "तुमचं पण काम आहे." नळी स्टुलावर ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी क्वार्टरवर गेलो. जमनाने दार उघडलं आणि बापू झोपलेत म्हणाली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने तेच सांगितलं, आणि आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज मला येत होता.

दोरांच्या उरलेल्या गाठी मी मारल्या. त्यांच्यासारख्या जमल्या नाहीत. जाणकार माणसाला आजही कळेल की पुढच्या अर्ध्या डेकवरच्या गाठी एका हाताच्या आहेत आणि मागच्या दुसऱ्या.

मॉडेल गवताच्या भुशात बांधून रेल्वेने रवाना झालं. पुढची तीन मॉडेलंही मला मिळाली. हॉलच्या उद्घाटनाला मला बोलावलं होतं. पाणीबोटीच्या पेटीपुढे गर्दी होती. एक अधिकारी लोकांना दाखवत होते की बघा, झडपासुद्धा खऱ्यासारख्या हलतात, त्या काळीही सुरक्षिततेचा किती विचार केला होता. मी मागे उभा होतो. कुणीतरी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. कर्णिक त्या कार्यक्रमाला आले नव्हते.

भाणाभाई त्यानंतर तीन वर्षांनी नंदुरबारातच गेले. मला जमनाने निरोप पाठवला, मी तिरडीला खांदा दिला. तेरावं झाल्यावर मी तिला म्हटलं की मला तुझ्या मामीकडे घेऊन चल. ती आधी नको म्हणाली. मग आली.

मणीबेनचं घर अगदी किनाऱ्यालगत होतं. दारात मासळी वाळत घातली होती. तिने जमनाला जवळ घेतलं, मला खाट दिली. मी सगळं सांगितलं. वर्कशॉपची शीट, लाल काटा, तारीख. तुमच्या नवऱ्याच्या मरणात भाणाभाईंची चूक नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे, असं सांगितलं. जमना गुजरातीत समजावत होती. मणीबेनने शेवटपर्यंत ऐकलं.

मग तिने विचारलं, "कागळ लाव्या छो?"

कागद आणलाय का. मी नाही म्हटलं.

"त्यारे एनी साथे केम न आव्या? ए जीवतो हतो त्यारे."

तो जिवंत होता तेव्हा त्याच्याबरोबर का नाही आलात. जमनाने याचं भाषांतर केलं नाही, गरज नव्हती. मणीबेन रागाने बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कागदाशिवाय आलो असतो तरी चाललं असतं का, हे मी विचारलं नाही. त्या बाईने माझं बोलणं खरं मानलं असं मला वाटतं. निघताना तिने जमनाच्या हातात सुक्या बोंबलांची पुडी दिली आणि पुन्हा ये म्हणाली. पण ज्याच्यासाठी हे व्हायला हवं होतं तो माणूस तापीकाठी जळून गेला होता.

पुढे मी अजून पंधरा-सोळा वर्षं मॉडेलं केली. कर्णिक रिटायर झाले, ती शीट कुठे गेली ते मला कळलं नाही. एकदा बंदराच्या नव्या साहेबांना मी पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की पाणीबोट नंबर तीनच्या चौदा शीट दप्तरात आहेत, आणि चौदाच होत्या.

नंतर काही वर्षं माझ्याकडे नवे लोक काम शिकायला यायचे. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगायचो. बाहेरून आलेलं ड्रॉइंग उघडलं की कामाला हात लावण्याआधी प्रत्येक शीटची नक्कल काढायची. मळकी, फाटकी, दुबार, जी असेल तिची. मालकाला विचारायचं नाही. ते विचारायचे, एवढा वेळ कशाला घालवायचा? मी म्हणायचो, शीटला अर्धा तास लागतो, जास्त नाही.